मूळ गाव

“ते सगळं ठीक आहे,” उल्हास म्हणाला, “पण मूळ गाव कुठलं?”

ताकुयाचा हात भाताच्या वाडग्यावर थबकला. उल्हासला त्यात वावगं काही वाटलं नाही. डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधल्या मराठी घरांत आलेल्या प्रत्येक पोराला त्यानं हा प्रश्न विचारला होता. आडनाव काय, मूळ गाव कुठलं आणि तिथल्या अमक्याला ओळखतोस का, एवढं झाल्याशिवाय माणूस घरात आल्यासारखं त्याला वाटतच नसे. मग होशी-सानच्या लेकीनं, मिकानं, लग्नासाठी पसंत केलेला मुलगा त्यातून का सुटावा?

होशी-सान म्हणजे मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या जपानी कंपनीतले त्याचे पहिले साहेब. आता रिटायर झालेले, आणि अमेरिकेतला त्याचा एकुलता एक जिवाभावाचा मित्र. त्यांची बायको अकाली गेली तेव्हा शाळेत जाणाऱ्या मिकाच्या वेण्या उल्हासच्या बायकोनं, शोभनानंच घातल्या होत्या. मिका त्याला बोलायला लागल्यापासून काका म्हणायची. तेव्हा हा आपलाच जावई, असा उल्हासचा सरळ हिशेब होता.

“हिरोशिमाच्या बाजूला,” मिका घाईघाईनं इंग्रजीत म्हणाली. “काका, सॅलड घ्या ना.”

“हिरोशिमाला मी जाऊन आलोय, कंपनीच्या कामानं. बाजूला म्हणजे कुठे? गावाला नाव असेल की नाही?”

मिकानं टेबलाखालून त्याला पाय मारला. शोभनानं डोळे वटारले. पण गाडी एकदा सुटली की उल्हासला ब्रेक नसे, जन्मभर ब्रेक तपासूनसुद्धा. आणि पोरगा सरळ होता. त्यानं हातातल्या जेवणाच्या काड्या नीट जुळवून खाली ठेवल्या.

“हागी,” तो म्हणाला. “पूर्वीच्या चोशू संस्थानातलं.”

होशी-सान उठले. ताकुयापुढे कमरेतून वाकले. “इतक्या लांबून आलात, आभारी आहे,” म्हणाले आणि मागच्या दारानं बाहेर गेले. खिडकीतून ते अंगणातली पानं ओढताना दिसत होते, अंगात जाकीट नाही. जेवण संपेपर्यंत ते आत आले नाहीत. तसं मग कोणी जेवलंही नाही.

निघताना ड्राइव्ह-वेमध्ये मिकानं उल्हासला गाठलं. “काका, व्हाय डिड यू हॅव टु आस्क?” ती रडत होती. “मी सांगणार होते डॅडना. लग्न झाल्यावर. हळूहळू.”

उल्हासला काही कळेना. गाडीत शोभना म्हणाली, “अहो, एक प्रश्न कमी विचारला असता तर काय बिघडलं असतं?”

“अगं, पण गावात काय असतं एवढं?”

“ते तुम्हीच सांगा. आपल्या नागपूरचा माणूस दिसला की तुम्ही रात्री बारापर्यंत उठत नाही ते!”

दर शनिवारी सकाळी दोघे मित्र मॉलमध्ये फेऱ्या मारत, दुकानं उघडायच्या आधी. त्या शनिवारीही होशी-सान आपल्या गाडीतून त्याला न्यायला आले. डॅशबोर्डवर नेहमीप्रमाणे जपानमधल्या त्यांच्या आइझु प्रांताचा लाल बैल होता, कागदाच्या लगद्याचा. त्याला जरा धक्का लागला की मान कितीतरी वेळ हो, हो करत राहायची. उल्हास त्याला ‘तुमचा नंदीबैल’ म्हणायचा. दात येताना मिकानं त्याचा एक कान चावून ठेवला होता.

दोन फेऱ्या झाल्या. मग होशी-सान बोलायला लागले, एखादा बिघडलेला भाग समजावून सांगावा तसे.

“गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची. माझ्या आजीची आई तेव्हा आठ वर्षांची होती. शोगुनची, म्हणजे बादशहाच्या नावानं राज्य करणाऱ्या सेनापतीची, सत्ता डळमळत होती. क्योतोमध्ये भररस्त्यात तलवारी निघत. शोगुननं आमच्या आइझुच्या संस्थानिकाला सांगितलं, शहराची राखण करा. चोशूचे सामुराई बादशहाचं नाव घेऊन शोगुनला उलथवायला निघाले होते. आम्ही त्यांना कापलं. खूप कापलं. चार वर्षांनी फासे उलटले. बादशहाचं निशाण त्यांच्या हाती आलं आणि आम्ही राजद्रोही ठरलो. फौजा आमच्या किल्ल्याशी येऊन भिडल्या.”

“मग?”

“किल्ल्यात खाणारी तोंडं वाढू नयेत, म्हणून आमच्या घरातल्या बायकांनी घरातच जीव दिला. या एका मुलीला नोकराबरोबर बाहेर काढलं होतं. ती परत आली तेव्हा सगळ्या तिथेच होत्या. बर्फ वितळेपर्यंत प्रेतांना हात लावायची बंदी होती, असं आमच्याकडे सांगतात. ती मुलगी म्हातारी होऊन मेली, पण बर्फ पडायला लागलं की दाराशी जाऊन बसायची. माझ्या आजीनं हे मला तिच्या आईच्याच शब्दांत सांगितलंय.”

तरी उल्हासनं नेट धरला, कारण त्यानं आदल्या दिवशी ताकुयाला फोन केला होता. “त्याच्या घरचाही एकजण क्योतोत मारला गेला, होशी-सान. राजवाड्याच्या दारात. तुमच्या लोकांच्या हातून. त्याची आजी आधी खूप चिडली, मग म्हणाली, मुलीला घेऊन ये.”

“ती जिंकलेल्यांची आजी आहे. जिंकलेल्यांना विसरणं परवडतं.” होशी-सान पुढच्या फेरीला वळले. “मुलगा चांगला आहे. खोटं बोलला असता तर मी जेवलो असतो. खरं बोलला म्हणून मला आवडला, आणि त्यामुळेच मला उठावं लागलं. मी त्या लग्नात जाऊन बसलो, तर त्या बायकांपाशी कोण बसणार?”

“चूक माझी झाली. मी विचारायला नको होतं.”

“आमच्याकडेही आधी हेच विचारतात, उल्हास-सान. मी विचारलं नव्हतं, कारण मला उत्तर नको होतं.”

हे ऐकून उल्हासला स्वतःची जीभ उपटून टाकावीशी वाटली. बाप आणि लेक दोघंही जे झाकून बसले होते, ते त्यानं आपल्या हातानं उघडं केलं होतं, आणि तेही प्रेमापोटी.

हिवाळाभर तो मध्यस्थी करत राहिला. होशी-सान ऐकून घेत, चहा करत आणि विषय बदलत. लग्न जूनमध्ये कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला ठरलं. मिकानं फोन केला. “काका, लग्नात माझा हात धरून चालाल? डॅड नसतील तर तुम्हीच.” उल्हासनं विचारायला तोंड उघडलं तेव्हा होशी-सान म्हणाले, “जा. आणि बूट नवे घ्या.”

एअरपोर्टवर सोडायला तेच आले. बॅगा उतरवल्यावर त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी शोभनाच्या हातात दिलं. “त्यांच्या घरासाठी. सांगा, तुमच्याकडून आहे.”

लग्नाआधी मिकानं ते पुडकं सोडलं. चावलेल्या कानावरून तिनं अंगठा फिरवला.

“आमच्याकडून,” उल्हास म्हणाला. आयुष्यात इतकं वाईट खोटं तो बोलला नव्हता.

“डॅड काही म्हणाले?”

काहीतरी रचून सांगावं असं त्याच्या फार मनात आलं. “नाही गं, बाळा,” तो म्हणाला. मिकानं बैलाला बोट लावलं. मान हलायला लागली. ती थांबेपर्यंत तिघंही तिच्याकडे बघत उभे राहिले, आणि मग शोभनानं मिकाचे डोळे पुसून पुन्हा काजळ लावलं.

परत आल्यावर डेट्रॉइटला होशी-सान गाडी घेऊन उभे होते. नेहमीसारखेच वेळेआधी. डॅशबोर्डवर, बैल असायचा तिथे, तेवढीच जागा काळीभोर होती. बाकीच्या प्लॅस्टिकचा रंग उन्हानं उडाला होता. फ्लाइट कशी झाली, ऊन होतं का, एवढं बोलणं झालं. उल्हासच्या पोटात सांगायचं मावत नव्हतं. मिका कशी दिसत होती, पहिल्या रांगेतली एक खुर्ची तिनं शेवटपर्यंत कोणाला घेऊ दिली नाही, सगळं. पण कोणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे तो आता शिकला होता.

नोव्हायच्या वळणावर लाल सिग्नल लागला.

“जेवली का ती?” होशी-सान समोर बघत म्हणाले.

“जेवली. पोटभर.”

होशी-साननी मान हलवली. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाडीनं हॉर्न दिला, तरी त्यांची मान हलतच राहिली.