सहा जास्त की दहा?

लाँचच्या हॉर्नमध्ये बदकाची पिपाणी मीच बसवली होती, ते कबूल. पण तपासणीच्या दिवशी मी खरंच काही केलं नव्हतं. आईशप्पथ!

दाजींची नवी लाँच तपासायला साहेब आले होते. पास झाली तर सोमवारपासून प्रवासी. नापास झाली तर लाँच धक्क्यालाच बांधलेली, आणि माझी ताई आम्हा दोघांच्या नावाने शंख करणार, कारण इंजिन-गिअरबॉक्स मीच जोडलेलं. साहेबांनी दोन मीटर लावले. एक इंजिनापाशी, एक मागे, पाण्यातल्या पंख्याच्या दांड्यापाशी. मधल्या वाटेत ताकद किती गळते ते बघायला.

हळू चालवली. इंजिनातून चाळीस घोडे निघाले, पंख्याला चौतीस पोचले. फुल सोडली. दोनशे निघाले, एकशे नव्वद पोचले.

"हळू चालताना जास्त गळतंय," साहेब म्हणाले.

"सहाच की हो!" दाजी उसळले. "फुलला दहा गेले. सहा जास्त की दहा?"

"चाळिसातले सहा म्हणजे शंभरात पंधरा. दोनशेतले दहा म्हणजे शंभरात पाच. शंभरात दहाच्या वर गेलं की नापास."

दाजींनी बोटं मोजली, परत मोजली. "म्हणजे जोरात पळवली की जास्त गळतं, म्हणून कमी गळतं?"

साहेबांनी कागदावर आकडे पुन्हा मांडले. मग दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"मीटरच्या वायरींची अदलाबदल केलीस ना?" दाजी म्हणाले.

"तो हॉर्न तुम्हीच बसवलात म्हणे?" साहेब म्हणाले.

"अहो, गिअर नुसते फिरवायला, तेल घुसळायलाच थोडी ताकद जाते. बोट रांगली तरी तेवढं द्यावंच लागतं..." हे बोलता बोलता मलाच वाटायला लागलं, आपण थापा मारतोय. थाप मारताना माझा आवाज अगदी असाच लागतो.

पुन्हा चाचणी. मला वर डेकवर उभं केलं, हात डोक्यावर. धक्क्यावरून ताई ओरडली, "आता काय केलंस रे मेल्या?"

आकडे तेच. चौतीस. एकशे नव्वद.

घामाघूम साहेबांनी ऑफिसला फोन लावला. बराच वेळ "हो... हो?... हो का!" चाललं. फोन ठेवून म्हणाले, "ही अट फक्त फुल स्पीडची आहे. पास." शिक्का मारला, आकड्यांकडे पुन्हा एकदा बघितलं, मान हलवली आणि उतरून गेले.

दाजी माझ्या कानाशी आले. "फोनवर तुझाच माणूस होता ना?"

"दाजी, मी काहीच केलं नाही!"

"तेच म्हणतोय मी. तू काहीच केलं नाहीस." आणि डोळा मारला.

मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं, चाळिसातले सहा, दोनशेतले दहा. त्यांनी दुसरा डोळा मारला.