घरीच तर आहेस!

"खारू, दार बघ गं!"

"खारू, गॅसवर दूध आहे, लक्ष ठेव!"

"खारू, माझे शर्ट इस्त्रीला टाकून ये ना. तू काय, घरीच तर आहेस!"

वाचकहो, यातलं शेवटचं वाक्य आपल्या ओळखीचं आहे ना? कदाचित आजच सकाळी आपण ते कोणाला तरी ऐकवलंही असेल. त्या वाक्यामुळे एका घरात काय घडलं, त्याची ही गोष्ट.

लहानपणी ही मुलगी एका जागी घटकाभर बसत नसे, म्हणून घरात तिला सगळे खारू म्हणत. तीच खारू कॉलेजचं अख्खं पहिलं वर्ष आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाशी, लॅपटॉपसमोर बसून शिकली. विषय होता भूगोल. कॉलेज दूरच्या शहरात होतं आणि पहिल्या वर्षाचे सगळे वर्ग ऑनलाइन होते. सुरुवातीला ती फार हिरमुसली होती. कॉलेज म्हणजे जिने, कँटीन, मागच्या बाकावरची खुसखुस, असं तिच्या डोक्यात बसलेलं! इथे पाहावं तर पडद्यावर चौकोनच चौकोन, आणि त्यातले निम्मे काळे.

पण हळूहळू ती त्यात रमली. चूक व्हायच्या भीतीने गप्प बसणारी खारू माईक सुरू करून बेधडक प्रश्न विचारू लागली. न समजलेला तास पुन्हा लावून ऐकायची सवय तिने लावून घेतली. तिघी मैत्रिणी मिळाल्या, तिघी तीन गावांतल्या. एकीलाही तिने प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, पण नुसत्या खोकण्यावरून कोण ते ती ओळखायची. वर्षाच्या शेवटी या चौघींनी मिळून एक प्रकल्प केला. आपापल्या गावात शाळेपासून घरापर्यंत मुलांना चालताना किती सावली मिळते, हे रस्तोरस्ती फिरून पाहिलं आणि त्याचे नकाशे तयार केले. कुठे झाडं तोडलीत, कुठे लावायला हवीत, सगळं त्यात दिसत होतं. खारू भर दुपारी टोपी घालून हिंडली होती. चेहरा रापला, पण नकाशा असा देखणा उतरला की सरांनी सगळ्या वर्गाला तो उघडून दाखवला.

तो प्रकल्प परीक्षकांसमोर मांडायचा दिवस उजाडला. सकाळीच खारूने सगळ्यांना बजावलं, "आज मला हाक मारू नका हं. तोंडी परीक्षा आहे."

"नाही मारत बाई," आई म्हणाली. बाहेरच्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं. शाळेचे गणवेश शिवायचं काम तिने घेतलं होतं आणि दुपारपर्यंत गठ्ठा पोचता करायचा होता.

दोघी मैत्रिणींचं बोलून झालं. खारूची पाळी आली. चौघींचे नकाशे तिच्याच लॅपटॉपवरून दाखवायचे होते. तिने आपला नकाशा पडद्यावर लावला आणि बोलायला सुरुवात केली. शब्द कसे भराभर सुचत होते! तेवढ्यात बाहेर बेल वाजली. शेजारीण आली होती. तिचा रांगता मुलगा, गुंड्या, तिच्या कडेवर होता.

"काकू, मी पटकन बँकेत जाऊन येते. याला जरा ठेवून घेता?"

आईच्या हातात अर्धवट शिवलेली बाही होती. नाही म्हणणं तिच्या जिभेवर कधी आलंच नव्हतं. तिने गुंड्याला घेतलं. तो थेट कात्रीकडेच झेपावला. आईने आतल्या खोलीचं दार ढकललं, कुजबुजत म्हणाली, "दोन मिनिटं धर गं याला, मी कात्री-सुया उचलते," आणि त्याला खारूच्या मांडीवर ठेवूनही दिलं.

गुंड्याला ते चमकणारं यंत्र भारीच आवडलं. त्याने दोन्ही हात दणादण आपटले. पडदा काळा झाला!

लॅपटॉप पुन्हा सुरू होईपर्यंत चौघींची वेळ संपली होती. परीक्षक पुढच्या गटाकडे वळले होते. चौथीला तर तोंडही उघडता आलं नव्हतं. तिने एवढंच लिहून पाठवलं, "माझं काय चुकलं होतं?"

ते खारूने दोनदा वाचलं. पण ती रडत बसली नाही. वर्ग संपताच तिने सरांना फोन लावला आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं.

सरांनी वेळापत्रक पाहिलं. मग म्हणाले, "सोमवारी पुन्हा वेळ देतो. पण तेव्हा असंच झालं तर? जबाबदारी कोण घेणार?"

"मी घेते, सर," खारू म्हणाली. बोलून गेली खरी, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण केवढी मोठी गोष्ट कबूल केली!

संध्याकाळी बाबा छापखान्यातून आले, दादा शोरूममधून आला. योगायोगाने आत्याही आली होती. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिचं स्वतःचं औषधांचं दुकान होतं आणि बोलणं औषधासारखंच, कडू पण गुणकारी. खारूने सगळ्यांना बसवलं आणि घडलेलं सांगितलं.

"अरेरे," बाबा म्हणाले. "पण बाळ, घर म्हटलं की पाच-दहा मिनिटं इकडंतिकडं होणारच."

दादा हसला. "आणि कॉलेज कसलं गं? कानात बोंडं घालायची आणि बसायचं. आम्ही बस पकडून, धक्के खाऊन गेलो, त्याला कॉलेज म्हणतात!"

"हो का?" आत्याने चष्मा वर सरकवला. "मग तुझं शिक्षण बसमध्ये झालं की वर्गात? धक्के खाल्ल्याने अक्कल येत असती, तर कंडक्टर एव्हाना कुलगुरू झाले असते!"

बाबांना हसू आवरेना. आत्या मात्र गंभीरच होती.

"हे बघा, माझ्या दुकानात येऊन कोणी मला म्हणतं का, जरा बाळ सांभाळ, जरा इस्त्री करून दे? नाही म्हणत. का? तर दुकानाला शटर आहे, पाटी आहे. मग जे काम शटरशिवाय चालतं, ते काम नव्हेच का? या पोरीने वर्षभर अभ्यास केला आणि आपण सगळे वर्षभर तिला मोकळी समजत आलो. तू बाहेर शिकत होतास तेव्हा वर्गात घुसून कोणी तुला दूध बघायला लावलं होतं का रे?"

"नाही," दादा म्हणाला.

"मी मुद्दाम नाही केलं हो, ताई," आई पुटपुटली. "माझाही गठ्ठा जायचा होता. तो वेळेत गेला नाहीच शेवटी. आणि हे काय आजचं आहे? मशीनवर बसलं की कोणाची ना कोणाची हाक येतेच. टाके उसवून पुन्हा घालायचे. कोणाला सांगणार? मी तर जन्माची घरीच असते ना!"

खारूला कोणी चपराक मारावी तसं झालं. सकाळी लॅपटॉप लावताना तीच ओरडली होती, "आई, माझा चार्जर कुठाय?" आणि आई मशीन थांबवून उठली होती. काल उठली होती, परवाही. गेलं वर्षभर आपल्याला जे सोसवलं नाही, ते ही बाई वर्षानुवर्षं सोसतेय! आणि तिला हाका मारणाऱ्यांत आपणही होतो!

ती आईजवळ जाऊन बसली. "आई, मी तुझ्याविरुद्ध तक्रार करायला निघाले होते गं. तुझी तक्रार तर आम्हा सगळ्यांविरुद्ध हवी."

"मला नाही कोणाविरुद्ध काही," आई डोळे पुसत म्हणाली. "फक्त एक बाही सलग शिवू द्या."

बाबा उठले. खिडकीशी गेले. छापखान्यात यंत्र चालू असताना कोणी मध्ये बोललं तर ते केवढे खेकसत! मग वळून म्हणाले, "सोमवारी मी दुपारपाळी घेतो. सकाळचं दार, दूध, पाहुणे, सगळं माझ्याकडे. आणि सोमवारपुरतंच नाही. यापुढे रोजचं आपण वाटून घेऊ."

"माझे शर्ट मी टाकीन," दादा म्हणाला. आणि जरा थांबून, "आईचं सामानही मीच पोचवत जाईन."

सोमवार आला. खारू आत बसली, आई मशीनवर. आणि नेमकी बेल वाजली! गुंड्याला घेऊन शेजारीण दारात उभी. बाबा पुढे झाले, पण आईने हातानेच त्यांना थांबवलं आणि स्वतः दारात गेली.

"आज नाही जमणार गं," ती म्हणाली. "आत माझ्या मुलीचं कॉलेज चालू आहे. आणि मीसुद्धा कामावर आहे."

शेजारीण क्षणभर गोंधळली. मग ओशाळून म्हणाली, "काकू, मला आधीच सांगायचं ना! मला वाटायचं तुम्हाला मोकळा वेळ असतो. संध्याकाळी काम संपल्यावर येऊ का?"

"अवश्य ये," आई हसली. इतकं सोपं होतं हे!

आत चौघीजणी बोलल्या. चौथी तर अशा तडफेने बोलली की परीक्षकांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही, शेवटी मात्र भरपूर विचारले. एकाने खारूला विचारलं, "घरात बसून भूगोल शिकता येतो, असं वाटतं तुम्हाला?"

"येतो, सर," खारू ठामपणे म्हणाली. "नकाशासाठी मला रस्त्यावर उतरावंच लागलं, ते उतरले. पण उतरल्यावर काय पाहायचं, ते याच टेबलाशी शिकले. आणि या वर्षात मी आणखी एक गोष्ट शिकले. माणूस कुठे बसलाय यावरून तो काय करतोय हे ठरवू नये."

निकाल लागला तेव्हा चौघींचा गट वर्गात दुसरा आला होता. पहिला का नाही, म्हणून चौथी अजूनही भांडते! खारू आता दुसऱ्या वर्षाला गेली आहे.

तर मित्रहो, विचार करा. आपल्याही घरात कोणीतरी पडद्यासमोर शिकत असेल, कोणी मशीनवर शिवत असेल, कोणी हिशेब लिहीत असेल. ते घरी आहेत, याचा अर्थ ते रिकामे आहेत असा नाही. कष्टाला उंबरठा ओलांडावा लागत नाही. घरातल्या माणसाचा वेळ हा आपला फुकटचा साठा नव्हे, तो त्याचा आहे. तेव्हा हाक मारण्याआधी क्षणभर थांबू या, आणि जमलं तर ते काम आपणच उठून करू या!