ओढ्याचं माप

आमचे बाबा शिंपी. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी दुकान ताईच्या हवाली केलं, कात्री तिच्या हातात दिली, डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला दुकानात हजर झाले.

"मी काही बोलणार नाही. नुसता बसतो," म्हणाले.

आमच्या घरात या वाक्याला जेवढं घाबरतात तेवढं आगीलाही घाबरत नाहीत.

ते खरंच काही बोलायचे नाहीत. ताईने कोटाला बाही टाचली की कोपऱ्यातून फक्त "च्च" असा आवाज यायचा. आरशासमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला वाटायचं, हे आपल्या शरीराबद्दल आहे. एका नवरदेवाने तर डाव्या खांद्याची अशी धास्ती घेतली की लग्नाच्या प्रत्येक फोटोत तो उजवा खांदा पुढे करून उभा आहे. नवरीला हार घालतानासुद्धा.

शेवटी ताईने मला गाठलं. "त्यांना काहीतरी छंद लाव. गावाबाहेरचा बघ."

"किती बाहेरचा?"

"च्च ऐकू येणार नाही इतका."

माझ्या ऑफिसातला एक जण सुट्टीच्या दिवशी फ्लाय रॉडने मासे पकडायला जातो. त्यात खरं आमिष नसतं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी गळाला असते. लवचीक काठीने जाड दोरी डोक्यावरून मागे उडवायची, हवेत ती सरळ होऊ द्यायची आणि मग पुढे फेकायची. माशी पाण्यावर इतकी अलगद टेकली पाहिजे की माशाला संशय येता कामा नये. बाबांना हा प्रकार ऐकताक्षणी पटला, कारण यात दोरा होता.

काठी आणायची ठरली तेव्हा बाबा आरशासमोर उभे राहिले आणि टेप काढून त्यांनी स्वतःचं माप घेतलं. उंची, खांदा, बगलेपासून मनगट. बाबा आधीच ताडमाड.

"दहा फुटी मागव," म्हणाले. "नऊ फुटी मला आखूड होईल."

"बाबा, ती काठी आहे. विजार नाही."

"अंगाला न बसणारी वस्तू माणसाने हातात धरू नये."

मी दहा फुटी मागवली.

काठी चार तुकड्यांत आली. बाबांनी ती जोडली, जरा ओढून पाहिली, तर जोड सुटले. ते सुटण्यासाठीच असतात, म्हणजे काठी पिशवीत मावते, हे मला माहीत होतं. पण मी तेव्हा चहा करत होतो. मी कप घेऊन बाहेर येईपर्यंत बाबांनी "कच्चं काम आहे" असं म्हणत सगळे जोड कायमचे चिकटवून टाकले होते.

आता ती काठी खोलीत होती आणि जिन्याच्या वळणावर दहा फुटांची कुठलीच गोष्ट वळत नाही. आम्ही ती दोन्ही टोकांना दोरी बांधून खिडकीतून आडवी खाली सोडली. मी रस्त्यावर हात वर करून उभा. काठी निम्म्यावर येऊन थांबली. बराच वेळ काही हलेना. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीसमोर काहीतरी आडवं आलेलं पाहून तिच्यावर टॉवेल वाळत घातला होता.

ओढा गावाला लागूनच, पुलाखाली. उडी मारून ओलांडता येईल एवढा. दोन्ही काठांची झाडं वाकून एकमेकांच्या अंगावर आलेली, त्यामुळे आत उभं राहिलं की बोगद्यात असल्यासारखं वाटतं. अशा जागी बाबा दहा फुटी काठी घेऊन उतरले. पहिल्या फेकीत त्यांना फांदी लागली. दुसऱ्या फेकीत दुसरी फांदी. पुढच्या रविवारी काठावरून फिरायला चाललेल्या एका गृहस्थांची टोपी लागली. बाबांनी ती ओढून आणली, उलटी केली, अस्तर पाहिलं आणि परत करताना म्हणाले, "हे कोणी शिवलं?"

गृहस्थ अजून त्या बाजूला फिरकलेले नाहीत.

असे बरेच रविवार गेले. मासे तर आम्हाला ओळखायला लागले होते. बाबा पाण्यात उतरले की ते आरामात जवळ येऊन, मान वर करून झाडांकडे बघत थांबायचे.

शेवटी एकदा जेवताना बाबांनी जाहीर केलं, "हा रविवार शेवटचा. मासा लागला तर ठीक. नाहीतर सोमवारपासून मी आपला दुकानात. बँडवाले येणार आहेत ना कोट अंगावर घालून बघायला? ताई एकटी काय काय बघेल?"

ताईचा घास तोंडातच राहिला. बँडचे कोट हे तिचं स्वतःचं पहिलं मोठं काम होतं. त्यातला ढोलवाला पोटाने मोठा आणि मनाने हळवा. एक "च्च" झालं असतं तर तो ढोल टाकून निघून गेला असता, आणि त्याच्यामागे अख्खा बँड.

ताई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "मासा."

म्हणून शनिवारी मी बाबांना आणि त्या काठीला काठ्यांच्या दुकानात नेलं. म्हणजे बाबा आत आले, काठी निम्मी आत आणि निम्मी फुटपाथवर. दुकान चालवणाऱ्या बाई चिमट्यात गळ धरून माशी बांधत होत्या. त्यांनी चष्म्यावरून काठीकडे पाहिलं, मग चिकटवलेल्या जोडांकडे, आणि त्यांचा चेहरा कोणाच्या तरी मयताला आल्यासारखा झाला.

"ही वापरता कुठे, मास्तर?"

"पुलाखालच्या ओढ्यावर."

"तिथे? ही तळ्याची काठी आहे हो! समोर उघडं पाणी, वारा सुटलेला, तुम्ही बोटीत बसलेले नाहीतर कमरेएवढ्या पाण्यात. तिथे दोरी वर राहायला लांब काठी लागते. मोठ्या मोकळ्या नदीला नऊ फूट पुरे. आणि झाडीतल्या ओढ्याला सात, फार तर साडेसात."

"पण मी सहा फूट दोन इंच आहे," बाबा म्हणाले.

"असाल की. तुम्हाला कोण पकडतंय? माप पाण्याचं घ्यायचं."

बाबांनी काठी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मला वाटलं, आता यांना खुर्ची द्यावी लागणार. मग ते हळूच म्हणाले, "म्हणजे मी इतके दिवस गिऱ्हाइकाचा कोट शिंप्याच्या मापाने शिवत होतो."

"आता कसं बोललात!"

बाईंनी लगेच सात फुटी काढली. पण बाबा हात लावेनात. "आधी माप. मापाशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही."

मग बाईंनी सात, साडेसात आणि नऊ फुटी अशा तीन काठ्या बांधून दिल्या. "अंगावर घालून बघा. सोमवारी परत आणा. आणि मास्तर, डिंक घरी ठेवा."

रविवारी सकाळी बाबा गळ्यात टेप आणि कानामागे खडू अशा थाटात ओढ्यात उतरले. मला पलीकडच्या काठावर टेपचं टोक धरून उभं केलं.

"वाकू नकोस. गिऱ्हाईक वाकलं की माप चुकतं."

"गिऱ्हाईक ओढा आहे ना?"

"मग तो सरळच आहे. तू वाकतोयस."

त्यांनी ओढ्याची कंबर घेतली. पाण्यापासून सगळ्यात खालच्या फांदीपर्यंतची उंची घेतली. पाठीमागे दोरी उडवायला किती जागा आहे ते पावलांनी न मोजता नीट टेपने मोजलं आणि खडूने एका दगडावर लिहिलं. पुढच्या वळणावर ओढा जरा अरुंद होतो, तिथे थांबून म्हणाले, "इथे पोट आत घेतोय. लबाड आहे." मग बराच विचार करून साडेसात फुटी उचलली.

"सात पुरे, बाबा. बाईच म्हणाल्या."

"अरे, पावसात वाढेल तो. वाढत्या अंगाला सहा इंच जास्तच ठेवायचे."

आणि फेकली. दोरी झाडांच्या पोटाखालून मागे गेली, सरळ झाली, पुढे आली. एकाही पानाला धक्का नाही. माशी पाण्यावर टेकली ती टाचणी गादीवर ठेवावी तशी. माशांचा घोळका सवयीने वर फांद्यांकडे बघत होता. त्यातला एक जण काही कळायच्या आत लागला.

वीतभरच होता. बाबांनी त्याला ओल्या हातात धरलं, माप घेतलं, "छातीत भरलेला आहे," म्हणाले आणि हलकेच पाण्यात सोडून दिला. मग काठावर बसून त्यांनी डबा उघडला आणि माझ्या वाटणीची पोळीसुद्धा खाल्ली.

सोमवारी बँडवाले दुकानात रांगेने उभे होते, अर्धवट शिवलेले कोट घालून, जागोजागी टाचण्या लावलेले. ताईच्या तोंडातही टाचण्या. एवढ्यात दार ढकलून बाबा आत आले. ढोलवाल्याने नुसत्या धास्तीनेच पोट आत घेतलं.

बाबांनी स्वतःचं जुनं जॅकेट टेबलावर टाकलं. "याला आतून खिसा लाव गं. खोट्या माश्यांची डबी मावली पाहिजे. लवकर हं, मी घाईत आहे."

ताईने खिसा लावला. पण एक डोळा बाबांच्या तोंडाकडे असल्यामुळे शिवण सरळ निघून मध्येच फिरायला गेल्यासारखी डावीकडे वळली. सनईवाल्यालाही दिसली. बाबांनी जॅकेट हातात घेतलं, खिशात डबी घालून पाहिली.

"मावते," म्हणाले, आणि गेले.

दुपारी ताईचा मला फोन आला. आवाज खाली आणलेला. "अरे, शिवण चक्क वाकडी गेली आणि ते काहीच बोलले नाहीत. बँडवाले पण सगळे खूश होऊन गेले. बाबांना बरं आहे ना? ताप वगैरे?"

"एकदम ठणठणीत आहेत," मी म्हटलं. "ती दहा फुटी काठी घेऊन तळ्यावर गेलेत. तळ्याला खांदा किती आहे ते बघायला."