सदतीस अंशांचा खोटा आकडा

मित्रांनो, नगरच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेतला मी एक जुना इन्क्युबेटर आहे. दिसायला लहान फ्रिजसारखा, पण काम उलटं: आत ऊब धरून ठेवायची. माझी गोष्ट सांगताना मान वर होत नाही, तरी सांगतो.

माझ्या पोटात माणसाची कातडी वाढायची. दचकू नका. शस्त्रक्रियेत काढलेल्या त्वचेतल्या पेशी, त्या माणसाची परवानगी घेऊन, बोटाच्या पेराएवढ्या वाट्यांत वाढवतात. थोड्या दिवसांत त्यांचा पातळ पापुद्रा तयार होतो. साबणात घालायचं रसायन त्यावर थेंबभर टाकतात. त्याने माणसाला ॲलर्जी होणार असेल, तर पेशी धोक्याच्या खुणा सोडतात. पूर्वी यासाठी गिनिपिगच्या पाठीवरचे केस काढून रसायन चोळत. शाळेची मुलं आली की इथल्या मुख्य संशोधक यामिनीताई माझ्यावर हात ठेवून सांगत, "याच्यामुळे कितीतरी मुके जीव वाचले." मी फुलून जायचो.

नवव्या वर्षी माझ्या दाराचं रबर चिरलं. यंत्रांची देखभाल करणाऱ्या वैजनाथने ते लगेच हेरलं.

"ताई, रबर गेलंय. ऊब भाईर चाललीय."

"सदतीस दाखवतोय ना? पुढच्या महिन्यात बघू."

सदतीस मी दाखवत होतो, हे खरं. पण तापमान मोजणारा माझा भाग होता हीटरजवळ. दाराकडच्या वाट्या गारठत होत्या आणि मी सदतीसच सांगत राहिलो.

त्याच आठवड्यात धवलशेठ नावाच्या कारखानदाराचं नवं द्रावण तपासायला आलं. धार काढण्याआधी हात आणि गायीची कास धुण्याचं. वाट्या गप्प राहिल्या. हमखास ॲलर्जी करणारं एक रसायन दर वेळी तुलनेसाठी वेगळ्या वाटीत टाकतात; तिनेही जेमतेमच खूण दिली. म्हणजे कातडीच अर्धमेली होती. अशी चाचणी रद्द करायची असते. ताईंनी त्या वाटीचा आकडा दोनदा पाहिला. रिपोर्टसाठी धवलशेठचे फोनवर फोन येत होते. ताईंनी 'सुरक्षित' लिहून सही केली.

तीन महिन्यांनी पारनेरकडच्या सुरेखाबाई आल्या. घरी अकरा गायी आणि कास धुवायला तेच द्रावण. दोन्ही हातांना मनगटापर्यंत फडकं गुंडाळलेलं आणि पिशवीत त्या रिपोर्टची झेरॉक्स.

"ह्यो कागद तुमचाच ना, ताई? कारखान्यात म्हनले, कागदावर समदं चांगलं हाय, तुमच्या हातातच दोष आसंल. आता घरीबी म्हनत्यात, कामाचा कंटाळा करती." त्यांनी फडकं सोडलं. पेरांना भेगा, तळव्यावर पाण्याचे फोड. "भाकरी थापता येत न्हाई मला. कागद खरा आसंल तर तसं सांगा. मी जाते."

ताईंनी झेरॉक्सवरची स्वतःची सही पाहिली. माझ्या अंगावर सदतीसचा आकडा लखलखत होता. वीज जावी आणि तो विझावा, असं मला फार वाटलं.

"कागद चुकीचा आहे," ताई म्हणाल्या. "मला शंका आली होती. तरी मी सही केली."

"शंका आल्ती?" सुरेखाबाईंनी एवढंच विचारलं.

"हो."

वैजनाथने माझ्या आत, दाराजवळ साधा थर्मामीटर ठेवला. एकतीस. मग दुसऱ्या यंत्रात वाढलेल्या ताज्या कातडीवर तेच द्रावण तपासलं, तेव्हा एकूण एक वाटीने धोक्याची खूण दिली. ताईंनी धवलशेठना फोन लावला. "विक्री आजच थांबवा. माझा रिपोर्ट चुकला, हे मी लेखी देते."

पुढच्या वेळी सुरेखाबाई आल्या, त्या त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन. त्या द्रावणातल्या एका रसायनानेच हे झालं, असं डॉक्टरांनीही सांगितलं होतं.

"तुमच्या अंगाने ते आता ओळखून ठेवलंय," ताई म्हणाल्या. "इतर साबणांतही ते असतं. जरा लागलं तरी पुन्हा फोड उठतील."

"म्हंजी जन्मभर?"

"बहुतेक जन्मभर." ताईंनी हात जोडले. "मला माफ करा."

"माफीचं मागनं बघू. मला दुसरा कागद द्या, मराठीत. माझ्या हातात दोष न्हाई आसं ल्हिवा. आन् त्या औषधाचं नाव मोठ्या अक्षरात, दुकानात दाखवाया."

ताईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं. शेवटी 'चूक माझी आहे' लिहून सही केली. सुरेखाबाईंनी ओळीवर बोट ठेवत सगळं मोठ्याने वाचलं. मग कागद पिशवीत सरकवला आणि चहाला न थांबता निघून गेल्या.

माझी वायर काढली आहे. पुढच्या सोमवारी मला भंगाराच्या टेम्पोत घालणार आहेत. तक्रार नाही. मित्रांनो, यंत्राचं रबर वेळेवर बदला, हे तर आहेच. पण माझी विनवणी याहून मोठी आहे. कुणी दुखतंय म्हणत तुमच्या दारी आलं, तर त्याला कागद दाखवून परत पाठवू नका. आधी ते फडकं सोडून बघा.