नुसतं म्हण

अहिल्याने फोन ओट्यावरच्या तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला. तो घसरला, तेव्हा तिने खाली फडक्याची घडी सरकवली. आता सांगलीचा घाट सरळ दिसायला लागला. कृष्णेचं मातकट पाणी, दगडी पायऱ्या, केळीच्या पानावर मांडलेले भाताचे पिंड, आणि त्यांच्यापासून लांब सरकून उभी राहिलेली घरची माणसं. तिथे सकाळ होती. इकडे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलमध्ये आदल्या दिवसाची संध्याकाळ अजून संपायची होती, आणि खाली पार्किंगमधल्या गाड्यांच्या टपांवर ऊन चमकत होतं.

दहावा दिवस होता. तिच्या वडिलांच्या, मोरेश्वर सरांच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता.

तिकडे फोन धरला होता तिच्या चुलतभावाने, ऋषीने. पिंपळावर चांगले चार-पाच बसलेत ताई, पण खाली उतरायचं नाव नाही, असं तो मघापासून सांगत होता. तिचा नवरा केदार तिच्या मागे येऊन उभा राहिला. मागे सनीव्हेलच्या डाउनटाउनमध्ये कावळे इतके माजले होते, की नगरपालिकेची माणसं त्यांच्यावर हिरवा लेझर मारत फिरायची. "इथले पाठवायचे का?" तो हळूच म्हणाला, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून लगेच गप्प झाला.

घाटावर एकेकजण पुढे होऊन हात जोडत होता. गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकलाय ते ओळखायचं, तसं वचन मोठ्याने द्यायचं, की तो सुटतो आणि कावळा खाली येतो. क्रिया करणारे राजारामकाका, सरांचे धाकटे भाऊ, म्हणाले की दादा, तुझी पुस्तकं रद्दीत जाणार नाहीत, कॉलेजला देतो. कावळा हलला नाही. सरांचा जुना विद्यार्थी प्रथमेश म्हणाला की घराच्या गळतीचं काम मी बघतो. तरी नाही. कुणीतरी कांदाभजी मागवून पानावर ठेवली. "भज्यांनासुद्धा येत नाही म्हणजे सर फारच रागावलेत," असं कोणीतरी पुटपुटलं आणि दोघं-तिघं हसू दाबत नदीकडे वळले.

आई, शुभा, पायऱ्यांच्या वर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला. ती कुणाकडेच बघत नव्हती.

आता आपली पाळी येणार हे अहिल्याला कळलं. ओट्याची कड तिने दोन्ही हातांनी धरली.

अग्नी दिला तेव्हाही ती इथेच, याच ओट्यापाशी उभी होती. तिचा व्हिसाचा शिक्का केव्हाच संपला होता. नवा मिळणार तो भारतातल्या कॉन्सुलेटमध्ये, आणि तिथे कित्येक महिने तारीखच नव्हती. जाता येईल, परत येण्याचं मी सांगू शकत नाही, असं वकीलबाई अगदी शांतपणे म्हणाल्या होत्या. मार्चमध्ये केदारची नोकरी गेल्यापासून तो आणि आठवीतली मुलगी सिया, दोघंही अहिल्याच्या नोकरीच्या आधाराने या देशात होते. ती तिकडे अडकली आणि कंपनीने वाट पाहिली नाही, तर तिघांचंही इथलं घर आवरावं लागलं असतं. या दहा दिवसांत त्यावर ती दोघं भांडलीही नव्हती. भांडण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

सर कॉलेजात युरोपचा इतिहास शिकवत. फ्रान्समध्ये क्रांती झाली, चर्चच्या जमिनी सरकारजमा झाल्या, मनोऱ्यांवरच्या घंटा उतरवून वितळवल्या गेल्या, आणि प्रत्येक पाद्र्याला सांगण्यात आलं की नव्या घटनेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घे, नाहीतर चर्च सोड. तिकडे पोप म्हणे, शपथ घ्याल तर खबरदार. इथवर आले की सर फळ्याकडे पाठ करून विचारत, तुम्ही काय केलं असतं? मुलं छाती पुढे काढून म्हणत, नसती घेतली. "बरं," सर म्हणत. "गावात पोरांना बाप्तिस्मा द्यायला तुम्ही एकटेच. मयताला यायला तुम्ही एकटेच. घरी म्हातारी आई. आता सांगा." मुलं वह्यांत बघायला लागायची. अहिल्याही त्या वर्गात बसली होती, आणि तिनेही तेव्हा उत्तर दिलं नव्हतं.

शेजारच्या राजांचा धडा मात्र ते घरी, जेवताना सांगत. राजाराणी पॅरिसात नजरकैदेत, आणि ऑस्ट्रियाचा सम्राट राणीचा सख्खा भाऊ. त्याने प्रशियाच्या राजाला जोडीला घेऊन जाहीर केलं की युरोपातले सगळे राजे एकत्र आले, तर आम्ही सैन्य घेऊन येऊ. इंग्लंड येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे बोलायचं, पण जायचं नाही. पॅरिसात दोन्ही बाजूंनी ते खरं मानलं. राणीच्या माणसांना धीर आला, क्रांतिवाले बिथरले. खरंच लढाई पेटली तोवर भाऊ मरूनही गेला होता. "अडकलेल्या माणसाला खोटा आधार देऊ नये," सर ताटातला भात गोळा करत म्हणत. "तो त्यावर पाय टाकतो."

तीन वर्षं ती फोनवर म्हणत आली होती, स्टॅम्पिंगची तारीख मिळाली की येते. मे महिन्यात शेवटचं म्हणाली, तेव्हा सर नुसतं "बरं" म्हणाले आणि यंदा आंबा कसा निघाला ते सांगू लागले.

"अहिल्या, आता तू बोल गं." राजारामकाकांचा चेहरा पडदाभर झाला. "दादाचा जीव तुझ्या आईत अडकलाय, दुसऱ्या कशात नाही. म्हण की परत येते, आईपाशी राहते."

तिने फोनखालची घडी आणखी आत सरकवली.

"अगं, नुसतं म्हण. तुला कोण शब्दाला धरून ठेवतंय? गुरुजींना पुढे आणखी दोन ठिकाणी जायचंय."

केदार तिच्या कानाशी वाकला. "म्हण ना, स्टॅम्पिंगची तारीख मिळाली तर येईन. खोटं कुठे आहे त्यात?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल होते. झोप त्यालाही नव्हती. सियाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतला पंखा ऐकू येत होता. घाटावर सगळे फोनकडे बघत होते. गुरुजींनी दर्भाची एक काडी उचलून बोटांत फिरवायला घेतली. कावळा आलाच नाही, तर दर्भाचा करून शिववायचा. अहिल्याने ओठ ओले केले. तर-बीर काही न जोडता, सरळ ‘येते’ एवढा एकच शब्द म्हणून टाकायचा असं तिने ठरवलं, आणि तो घशापर्यंत आलाही.

तेवढ्यात आई खुर्चीतून उठली.

ती एकेक पायरी जपून उतरली. प्रथमेशने पुढे केलेला हात तिने घेतला नाही. पानासमोर ती उभी राहिली, आणि पिंडाशी न बोलता, रोज सकाळी सर ज्या खिडकीत पेपर वाचायचे तिकडे बघून बोलावं, तशा साध्या आवाजात बोलली.

"अहो, ऐकलंत का? पोरीला मी बोलावणार नाही. तिची वाटही बघणार नाही. मी राहीन माझी. जा तुम्ही."

ऋषीचा हात हलला. पडद्यावर आधी आभाळ आलं, मग पायऱ्या, मग पान. एक कावळा पिंडावर बसला होता. त्याने एक चोच मारली, मान तिरकी करून पाहिलं, आणि भाताचा मोठा घास घेऊन उडाला.

"बघा," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम उतरला होता. "त्यातच होता जीव."

सगळ्यांनी हात जोडले. बायका डोळे पुसत होत्या, पुरुष चपला शोधत होते. दिसलं ना ताई, असं ऋषीने विचारलं, आणि ती दिसलं म्हणाली. आईला दे जरा, असंही म्हणाली. पण आई नदीच्या कडेला वाकून चेहऱ्यावर पाणी मारत होती. तिने मान वर केली नाही, ओल्या हातानेच नको अशी खूण केली.

फोन बंद झाला. काळ्या काचेत अहिल्याला स्वयंपाकघरातला दिवा दिसला.

मागे केदारने श्वास सोडला. आवाज होऊ नये म्हणून तो बेताने, नाकातून सोडत होता. तरी तिला ऐकू आला, शेवटपर्यंत. मग त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आई ग्रेट आहेत," तो म्हणाला. "आपल्याला मोकळं केलं त्यांनी."

अहिल्याने फडकं उचललं, नीट घडी करून पुन्हा ओट्यावर ठेवलं.

"पासपोर्ट कुठल्या ड्रॉवरमध्ये आहेत?" तिने विचारलं.

खांद्यावरचा हात तसाच राहिला.

"सगळ्यांचे?"

"माझा," ती म्हणाली.