शून्याच्या जागेवरचं नाव

या, जवळ सरकून बसा. टाळ मांडीवरून खाली ठेवा. समुद्रपूरजवळच्या आमच्या गावच्या सप्ताहाची गोष्ट सांगतो. कीर्तनात सांगावी अशी ती नाही, पण काल्याचा दिवस आला की मला सांगितल्यावाचून राहवत नाही.

सप्ताहाची वेबसाइट काजलने केली होती. चंद्रभानजींची लेक, सिंदी मेघेला राहून नोकरी करायची. सेवेकऱ्यांची नावं तिने एका अ‍ॅरेत रांगेने बसवली. सर्व्हरवरचा प्रोग्राम एकेक नाव उचलायचा, त्याला टॅगचं, म्हणजे पानावरच्या मांडणीच्या खुणांचं, पांघरूण घालायचा आणि पानावर पाठवायचा. या रांगेची मोजणी शून्यापासून होते. आपल्यात पहिलं ताट देवाचं, म्हणून पोरीने शून्याच्या जागी विठोबाला बसवलं. पानावर देवाचा फोटो वर होताच, तेव्हा नावं छापताना ती एकपासून सुरुवात करायची.

यंदा चंद्रभानजी गेले. जन्मभर काल्याची हंडी त्यांनीच बांधली होती. मांडवातल्या टीव्हीवर त्यांचं नाव सगळ्यांत वर दिसेल, असं मंडळाने त्यांच्या अंकुशला कबूल केलं होतं. काजलला वेळ नव्हता, म्हणून नवे अध्यक्ष प्रभाकरराव यांच्या धीरजने नावं भरली. रांगेतला विठोबा त्याने काढला. फोटो आहेच, असं त्याला वाटलं. मग लिहिलं: आधी चंद्रभानजी, मागून आपले वडील, मग बाकीचे. पान उघडून पाहायचं मात्र राहिलं.

काल्याच्या दिवशी भर दुपारी ते पान मांडवातल्या टीव्हीवर लागलं. सगळ्यांत वर प्रभाकरराव. चंद्रभानजी कुठेच नाहीत.

तेरवीचं जेवण पचलं नाही तोच बाप पुसला, असं कोणीतरी अंकुशच्या कानाशी म्हणालं. तो उठला. हंडीच्या खांबासाठी खड्डा खणायला आणलेली लोखंडी सब्बल त्याच्या हातात आली.

"म्हाया बापाले काऊन काढलं बे?"

"नाई काढलं, अंकुशभाऊ. म्या सगळ्यात वर लिहिलं. थांब, दाखवतो."

"वर तं तुहा बाप दिसून राह्यला."

धीरज लॅपटॉपकडे वाकला तोच पहिला घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज माइकने साऱ्या गावाला ऐकवला. सप्ताहात वीणा भुईला लागत नाही. ती टाकून वीणेकरी बंडूजींनी अंकुशला मागून मिठी घातली. कोपराच्या एका तडाख्यात त्यांचे दात पडले. दुसरा घाव धीरजच्या डोक्यात गेला. मग प्रभाकररावांची माणसं अंकुशवर तुटून पडली. बांबू उपटले, हंडी फुटली, दह्यात रक्त मिसळलं. अंकुशचा उजवा हात दगडाने ठेचला.

काल्याला म्हणून निघालेली काजल तेव्हा बसमधून उतरली. धीरजच्या डोक्याला तिने ओढणी बांधली. लॅपटॉप उघडाच होता. तिने त्यात पाहिलं आणि एकाच्या जागी शून्य लिहिलं. टीव्हीवर, सगळ्यांच्या वर, चंद्रभानजी आले.

मारणारे हात थांबले. ती भावाजवळ बसली.

"दादा, शून्याची जागा म्या देवासाठी ठेवली होती. म्हणून तिथलं नाव दिसत नव्हतं. यानं आपल्या बाबाले देवाच्या जागी बसवलं होतं."

अंकुश टीव्हीकडे पाहत राहिला. ठेचलेला हात त्याने धीरजच्या पायावर ठेवला. पाय हलले नाहीत. वर्ध्याच्या दवाखान्याच्या वाटेवर, गाडीतच धीरज गेला.

काल्याचा घास तोंडात घालाल, तेव्हा विठ्ठलाच्या मागोमाग प्रभाकररावांच्या धीरजची आठवण ठेवा.