झोंबणं थांबलं तेव्हा

मी एक जुनी नस आहे. केसाहून बारीक, काचेसारखी आरपार आणि स्वभावाने जरा चिडकी. मित्रांनो, तुमच्या बुबुळावर एक स्वच्छ पडदा असतो ना, त्यात माझं घर. माणसं एकमेकांच्या डोळ्यांत तासन् तास हरवून जातात, पण मी कधी कुणाला दिसले नाही.

माझा जन्म अंधारातला. आईच्या पोटातल्या एका इवल्याशा बाळात मी मेंदूपाशी उगवले आणि हाडांच्या आडून वाट काढत, मिटलेल्या पापणीमागे येऊन फांद्यांसारखी पसरले. मग एक दिवस पापणी उघडली आणि माझ्या अंगातून उजेड आरपार गेला. अहाहा! ते सुख अजून सरलेलं नाही.

ते बाळ म्हणजे धाकटी. ती मोठी होऊन रफूवाली झाली. फाटक्या कपड्याच्याच शिवणीतून धागा काढायचा आणि भोकावर तो कपडा पुन्हा विणायचा, हे तिचं काम. रस्त्याला लागून एक खोली, खिडकीशी हिचं टेबल आणि दाराशी गिऱ्हाईक सांभाळणारी तिची थोरली बहीण, ताई. हिचा हात चालायचा आणि ताईचं तोंड.

माझं काम म्हणजे राखण. डोळ्यावर आसवांची पातळ साय असते. ती सुकू लागली की मला गार लागतं. मी मेंदूला कळवते, मेंदू आसवांच्या ग्रंथींना जागं करतो, पापणी लवते आणि ताजी साय पसरते. गिऱ्हाईक कोट उजेडात धरून विचारायचं, "अहो, भोक होतं कुठे?" ताई म्हणायची, "आमच्या धाकटीची नजरच तशी आहे!" कौतुक सगळं नजरेचं, आमचं नाव कोण घेतो? असो.

पण त्या घराला एक वाईट वळण होतं. त्यांच्या आईने दोघींना शिकवलं होतं, "सुई भोकावरून जाताना पापणी लवू द्यायची नाही. पापणी लवली की धागा चुकला." ताईला हे कधी जमलं नाही, म्हणून ती दाराशी बसली. धाकटीला जमलं, आणि तिथेच घात झाला.

साय सुकायची. मी ओरडायची, "अगं, मिट की पापणी!" ती कानाडोळा करायची. वर्षानुवर्षं हेच. शेवटी माझं डोकं फिरलं. आम्ही नसा चिडलो की नुसत्या ओरडत नाही, आमच्या टोकांतून एक रस सोडतो. त्याने जवळच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि रक्तातले रक्षक धावून येतात. जखम झाली असेल तर ते बरंच आहे. पण इथे शत्रूच नव्हता! रक्षकांनी पडद्याला झोडपलं, ग्रंथींना झोडपलं, मलाही सोडलं नाही. मार बसला की मी आणखी चिडायची, आणखी रक्षक यायचे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? डोळा सुजला, लाल झाला.

"टोमॅटो झालाय डोळ्याचा! डॉक्टरांनी दिलेले थेंब घातलेस का?" ताई विचारायची.

"घालते गं, एवढा कोपरा झाला की."

"तुझा कोपरा काही या जन्मी व्हायचा नाही!"

मग मी दमले. माझी टोकं झिजत गेली आणि मला झोप लागली. त्या झोपेत गारवा नव्हता, ऊन नव्हतं. धुक्यातून चालावं तसं वाटायचं. कुठूनतरी धाकटीचा आनंदी आवाज आला, "ताई, झोंबायचं थांबलं! डोळा बरा झाला!" तिने थेंबांची बाटली खणात ढकलून दिली.

पण सूज आत चालूच होती. हळूहळू धागे धूसर झाले, सुईत दोरा जाईना. ताईने तिला ओढतच डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी कापसाचा बारीक धागा घेतला. "हा डोळ्याला लावते. लागला की सांगा."

धाकटी वाट बघत बसली. मग म्हणाली, "लावा ना."

"लावून झाला," डॉक्टरबाई म्हणाल्या.



"नस बधिर झालीय," डॉक्टरबाईंनी समजावलं. "राखणच नाही. असंच राहिलं तर पडद्यावर पांढरं फूल पडेल आणि नजर जाईल. पण नस पुन्हा वाढू शकते. सावकाश."

मग सूज उतरवणारे थेंब सुरू झाले. धाकटी सुई धरून बसली की ताई दारातून ओरडायची, "पापणी!" गिऱ्हाईकंसुद्धा दचकून डोळे मिटायची. रक्षक एकेक करून परतले. मी धुक्यात चाचपडत नवी टोकं काढू लागले. परत जाग येईल की नाही, मलाही ठाऊक नव्हतं.

एका सकाळी ताईने खिडकी उघडली आणि वारा आत आला.

"आई गं!" धाकटी ओरडली. "झोंबलं!"

ताई हातातलं टाकून धावली. "खरंच? पुन्हा सांग!"

"झोंबतंय गं ताई, चांगलंच झोंबतंय!"

आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसत हसत रडल्या.

मित्रांनो, कामात, वाचनात कितीही रमलात तरी पापणीला तिचं काम करू द्या. आम्ही कटकट केली तर रागावू नका. आणि कटकट करणारी नस एखाद्या दिवशी शहाण्यासारखी गप्प बसली, तर खूश होऊ नका, आधी डॉक्टरांकडे पळा.